अंगणातील मोटार आणि भिंतीतील सॉकेट

गोंदिया शहराला लागून असलेल्या मुर्रीसारख्या गावात शहर कोठे संपते आणि शेतशिवार कोठे सुरू होते, हे सांगणे सोपे राहिलेले नाही. एकाच गल्लीत कवेलूचे जुने घर आणि स्लॅबचे नवे घर शेजारी शेजारी उभे असते. बाहेरून दिसणारा हा फरक भिंतींच्या आतील विजेच्या तारांतही असतो. मात्र तो डोळ्यांना दिसत नाही. विजेवर चालणारी मोटार अशा घराच्या अंगणात प्रथमच येऊन उभी राहते, तेव्हा ती रात्री कोणत्या सॉकेटला जोडावयाची, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ राहत नाही.

महाराष्ट्र शासनाने विद्युत वाहनांसाठीचे धोरण प्रथम २०१८ मध्ये जाहीर केले. त्यानंतर २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये त्याची नव्याने आखणी करण्यात आली. आपल्या घरच्या किंवा कार्यालयाच्या विद्यमान वीजजोडणीवरून स्वतःचे वाहन चार्ज करण्यास वाहनधारकास मुभा आहे, हे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले आहे. परवानगीचा प्रश्न अशा रीतीने सुटला आहे. राहिला आहे तो तारेचा, पिनांचा आणि जमिनीत गाडलेल्या एका नळीचा.

प्रारंभीच एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. मोटारीबरोबर मिळणाऱ्या किंवा बाजारातून वेगळ्या घेतलेल्या, हातात धरून नेता येणाऱ्या पेटीला सर्वजण ‘पोर्टेबल चार्जर’ म्हणतात; परंतु बॅटरी भरण्याचे खरे काम ती पेटी करीत नाही. घरातील प्रत्यावर्ती वीज बॅटरीला चालणाऱ्या एकदिश विजेत बदलणारे यंत्र मोटारीच्या आतच बसविलेले असते. तारेच्या मध्यावरील पेटी मोटारीला ‘या सॉकेटमधून इतके अँपिअर घे, अधिक नको’ असा संकेत देते, अर्थिंग जागेवर आहे की नाही याची तपासणी करते आणि दोष आढळल्यास प्रवाह तोडते. ती पहारेकरी आहे, भांडारी नव्हे. म्हणून मोटारीतील यंत्र ३.३ किलोवॅटचे असेल, तर ७ किलोवॅटची महागडी पेटी विकत घेऊनही चार्जिंग एक मिनिटही लवकर होणार नाही. टियागोसारख्या एकाच नावाच्या मोटारीच्या काही प्रकारांत ३.३, तर काही प्रकारांत ७.२ किलोवॅटचे यंत्र देण्यात आले आहे. त्यामुळे दुकानात जाण्यापूर्वी मोटारीची माहितीपुस्तिका पाहणे इष्ट.

आपल्या घरांत मुख्यतः दोन प्रकारची सॉकेट असतात. पंखा, रेडिओ, मोबाईल यांसाठीचे लहान सॉकेट ६ अँपिअरचे आणि इस्त्री, गीझर यांसाठीचे मोठे सॉकेट १६ अँपिअरचे. यालाच आपल्याकडे ‘पॉवरचा पॉइंट’ म्हणतात. जुन्या घरांत हेच ५ आणि १५ अँपिअर या नावांनी भेटतात. तीन गोल पिनांची ही घडण मूळची ब्रिटनमधील, १९३४ च्या मानकातील. ब्रिटनने १९४७ पासून चौकोनी पिना स्वीकारल्या. भारताने मात्र गोल पिनाच ठेवल्या आणि आज त्या आय.एस. १२९३ या भारतीय मानकानुसार तयार होतात.

लहान आणि मोठ्या सॉकेटमधील खरा फरक छिद्रांच्या आकाराचा नसून त्यामागील तारेचा आहे. पॉवरच्या पॉइंटसाठी साधारणतः २.५ किंवा ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार बोर्डापासून स्वतंत्र ओढलेली असते. लहान सॉकेटला बहुधा दिव्या-पंख्यांच्याच फेऱ्यातून १ किंवा १.५ चौरस मिलिमीटरची तार दिलेली असते. बाजारात स्वस्तात मिळणारा कन्व्हर्टर मोठ्या प्लगला लहान सॉकेटात शिरू देतो. तो पिनांचा आकार बदलतो, भिंतीतील तार बदलत नाही.

तारेत आणि सांध्यात निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हा नियम शाळेतील विज्ञानाच्या पुस्तकात असतो. त्याचा अर्थ येथे कळतो. सॉकेटमधील पितळी पकड सैल झाल्यामुळे त्या जागी केवळ एक दशांश ओहम इतका रोध उत्पन्न झाला आहे, असे धरू. ६ अँपिअर प्रवाहावर तेथे ३.६ वॅट उष्णता निर्माण होईल. हाताला जेमतेम कोमट लागेल. १५ अँपिअरवर हाच आकडा २२.५ वॅट होतो. म्हणजे रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या हातातील डाग देण्याची लहान इस्त्री भिंतीतील प्लॅस्टिकच्या डबीत रात्रभर तापत ठेवल्यासारखे झाले. इस्त्री किंवा पाण्याचा हीटर याच सॉकेटवर वर्षानुवर्षे चालत आला, मग मोटारीनेच काय बिघडते, असे विचारले जाते. इस्त्री तापते, थांबते, पुन्हा तापते आणि अर्ध्या तासात बाजूला ठेवली जाते. मोटार मात्र तोच भार घरातील माणसे झोपलेली असताना सलग सहा ते दहा तास ओढीत असते.

यावरून मोठा चार्जर आणि मोठे सॉकेट घेतलेच पाहिजे, असा निष्कर्ष काढण्याची घाई मात्र करू नये. गोंदियात नोकरीस जाणाऱ्या किंवा तालुक्यातील शाळांना भेटी देणाऱ्या व्यक्तीची दिवसाची फेरी ४० किलोमीटरची धरली, तर लहान मोटारीस त्यासाठी सुमारे ६ युनिट लागतात. वाटेतील घट धरून मीटरवर ७ युनिट पडतात. २३० व्होल्टवर ६ अँपिअरचा प्रवाह ताशी सुमारे १.४ युनिट देतो, म्हणजे पाच तासांत ही गरज भागते. १० अँपिअरवर तीन तास पुरतात, १५ अँपिअरवर दोन तासांहून थोडे अधिक. पूर्ण रिकामी बॅटरी एका रात्रीत भरण्याची वेळ दूरच्या प्रवासाआधीच येते. २०२० मध्ये बाजारात आलेल्या पहिल्या नेक्सॉन विद्युत मोटारीची बॅटरी ३०.२ युनिटांची होती; ती १५ अँपिअरवर भरण्यास दहा तास लागत.

म्हणून ज्या पेटीवर प्रवाह ६, ८, १०, १३ आणि १६ अँपिअर असा कमी-अधिक करता येतो, ती घेणे सर्वांत सोयीचे. पॉवरच्या चांगल्या पॉइंटवरही रोज १० अँपिअरवर चार्जिंग केल्यास सॉकेटचे आयुष्य वाढते. मोटारीला देता येणाऱ्या संकेताची खालची मर्यादाच ६ अँपिअर आहे; त्यामुळे ६ अँपिअरच्या सॉकेटला मोटार जोडली की ते पहिल्या क्षणापासून आपल्या कमाल मर्यादेवर काम करू लागते. पाहुणे म्हणून गेलेल्या गावी अडचणीच्या वेळी असा उपयोग झाल्यास हरकत नाही. रोजची व्यवस्था म्हणून तो योग्य नाही.

यानंतरचा विषय अर्थिंगचा, आणि मुर्रीच काय, कोणत्याही गावात खरी अडचण येथेच उद्भवते. नवा चार्जर लावला, लाल दिवा लागला, चार्जिंग सुरूच झाले नाही; मालक दुकानदाराकडे तक्रार घेऊन जातो. चार्जर बहुधा निर्दोष असतो. सॉकेटच्या तिसऱ्या, मोठ्या छिद्रामागे तारच नसते, किंवा असली तरी ती घरामागे वर्षांपूर्वी पुरलेल्या आणि आता गंजून गेलेल्या नळीपर्यंत पोहोचून तेथेच संपते. पंखा, दूरचित्रवाणी संच अर्थिंगवाचून चालत राहतात, म्हणून ही उणीव कोणाच्या ध्यानात आलेली नसते. ती प्रथमच बोलून दाखविणारे उपकरण म्हणजे ही पेटी.

अशा वेळी एक घातक उपाय सुचविला जातो. सॉकेटच्या मागे न्यूट्रलची तार आणि अर्थिंगची पिन एका लहानशा तुकड्याने जोडली की लाल दिवा विझतो आणि चार्जिंग सुरू होते. मोटारीचे पत्र्याचे अंग अर्थिंगच्या तारेशी जोडलेले असते आणि ती स्वतः रबरी चाकांवर, जमिनीपासून अलग उभी असते. हा तुकडा जोडलेला असताना खांबापासून घरापर्यंतची न्यूट्रल तार वाऱ्याने तुटली किंवा तिचा सांधा सुटला, तर घरातील दिव्या-पंख्यांतून आलेली वीज परतीची वाट न मिळाल्याने थेट मोटारीच्या पत्र्यावर येऊन थांबते. पावसाने भिजलेल्या अंगणात अनवाणी उभे राहून मोटारीचे दार उघडणारे लहान मूल मग तिची वाट पूर्ण करते. ३० मिलिअँपिअर गळतीवर प्रवाह तोडणारी पेटीतील यंत्रणाही अशा वेळी भरवशाची राहत नाही, कारण ही वीज पेटीतून मोजून जात नसून अर्थिंगच्या तारेने मागील बाजूने आलेली असते. असा तुकडा जोडून देणाऱ्या वायरमनला कौशल्याचे श्रेय देण्याचे कारण नाही.

खरा उपाय काही महागडा नाही. सुमारे अडीच मीटर लांबीची जस्तलेपित नळी जमिनीत उभी पुरून, भोवती कोळसा आणि मीठ भरून, तिच्यापासून जाड तार बोर्डापर्यंत आणल्यास अर्थिंग होते. परवानाधारक विद्युत कंत्राटदाराने मीटर लावून पाहिल्यास फेज आणि न्यूट्रल यांत जितका दाब, जवळपास तितकाच फेज आणि अर्थ यांत दिसला पाहिजे, तर न्यूट्रल आणि अर्थ यांत तो जवळपास शून्य असावा. मे महिन्यात जमीन भेगाळली की हेच अर्थिंग दुबळे होते. नळीच्या तोंडाशी अधूनमधून घागरभर पाणी ओतण्याची जुनी रीत त्यामुळेच पडली आहे.

विजेच्या दाबाचाही विचार करावा लागतो. जिल्ह्यात तिरोडा येथे ३,३०० मेगावॅट क्षमतेचे औष्णिक केंद्र आहे. तरीही वाहिनीच्या शेवटच्या टोकावरील घरात दिवा मंद जळतो, कारण वीज कोठे निर्माण होते यापेक्षा ती किती लांब आणि किती बारीक तारेतून येते याला महत्त्व असते. उन्हाळी धानाला पाणी चालू असताना दाब १८० व्होल्टवर उतरला, तर १५ अँपिअरवरही २.७ किलोवॅटच मिळतात, आणि कित्येक पेट्या त्याहून खाली स्वतःच बंद पडतात. हा पेटीचा दोष नव्हे. प्रवाह कमी ठेवला आणि मध्यरात्रीनंतरची वेळ निवडली, तर बहुतेक घरांचे काम होते.

उन्हाळी धानावरून कृषिपंपाची आठवण होणे स्वाभाविक आहे. पंपाच्या खोपडीत तीन फेजची जोरदार वीज असताना मोटार तेथेच का लावू नये, असे काहींना वाटते. त्या जोडणीत दोन फेजमधील दाब ४०० व्होल्टच्या वर असतो. तार चुकली की पेटी आणि मोटारीतील यंत्र दोन्ही निकामी होण्याचा धोका आहे. शिवाय शेतीसाठी सवलतीने दिलेल्या विजेचा अन्य कारणासाठी वापर हा विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो.

घरच्या जोडणीचे बिल हातात घेतल्यास त्यावर ‘मंजूर भार’ हा रकाना दिसतो. तो एक किलोवॅटच्या आसपास असेल, तर ३.३ किलोवॅटची मोटार जोडण्यापूर्वी महावितरणकडे भार वाढवून घेण्यासाठी अर्ज करावा. ३२ अँपिअरची, ७ किलोवॅटची निळ्या औद्योगिक प्लगची पेटी घेणाऱ्याने तर मीटरच्या तोंडावरील ‘५-३०’ हा आकडाही वाचावा. ३० अँपिअरच्या मीटरवर ३२ अँपिअरचा भार बसत नाही. अशा पेटीसाठी किमान ६ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तार, स्वतंत्र एमसीबी आणि वाढीव मीटर लागतो. निवासी दर टप्प्याटप्प्याने चढतात, हेही ध्यानात असावे. महिन्याला ९० युनिट वापरणाऱ्या कुटुंबात मोटारीचे १७५ युनिट मिळविले की ते कुटुंब १०० युनिटांच्या स्वस्त टप्प्यातून बाहेर पडते. खर्च पेट्रोलपेक्षा कमीच राहतो, परंतु विक्रेता सांगतो तितका कमी राहत नाही.

परदेशातील नातेवाईकाने पाठविलेली पेटी वापरण्याचा मोह टाळावा. अमेरिकेतील घरगुती सॉकेट १२० व्होल्टचे, तेथील मोटारीकडचे तोंडही वेगळे; भारतातील सध्याच्या मोटारींना ‘टाइप २’ हे सात पिनांचे तोंड लागते. युरोपातील पेटीचे तोंड जुळते, परंतु तिचा दोन पिनांचा भिंतीकडील प्लग आपल्या सॉकेटात अर्थिंगवाचून लटकत राहतो. पेटीवर ‘पाण्यापासून सुरक्षित’ असे लिहिलेले असते, ते पेटीपुरतेच. भिंतीकडील प्लग आणि सॉकेट पावसाच्या झोतात आले तर त्या लिखाणाचा उपयोग नाही. म्हणून सॉकेट सपरीच्या आत, जमिनीपासून हातभर उंच असावे. पेटीचे ओझे प्लगवर न लोंबकळता भिंतीतील खुंटीवर असावे. प्लगमध्येच उष्णता ओळखणारी योजना असलेली पेटी थोडी महाग पडते, परंतु जुन्या घरासाठी तीच घ्यावी. एक्स्टेन्शनची तार वापरू नये. वापरलीच तर ती जाड असावी आणि पूर्ण उलगडलेली असावी, कारण गुंडाळीतच ती तापून वितळते.

ग्रामपंचायत कार्यालयात आणि शाळेत आता असा प्रश्न येऊ लागणार आहे की, कर्मचाऱ्याने किंवा शिक्षकाने आपली मोटार तेथील सॉकेटला लावावी काय. येथे बिल सार्वजनिक निधीतून जाते आणि वर्गखोल्यांची वायरिंग दिव्या-पंख्यांपुरती केलेली असते. पंचायतीने ठराव करून, स्वतंत्र उपमीटरसह १६ अँपिअरचा एकच पॉइंट कार्यालयाच्या बाहेरील भिंतीवर बसविल्यास हिशेबही राहील आणि वर्गातील तारही वाचेल.

घरी नवा पॉइंट बसविल्यावर पहिली रात्र कोणी जागे असताना काढावी. चार्जिंग सुरू होऊन अर्धा तास झाल्यावर चार्जिंग थांबवावे, बटण बंद करावे, प्लग काढावा आणि पिनांना बोटाच्या पाठीने स्पर्श करावा. कोमट असतील तर ठीक. बोट ठेववत नसेल, तर त्या रात्री मोटार न चार्ज करता तशीच उभी ठेवावी आणि सकाळी वायरमनला बोलावून सॉकेट बदलून घ्यावे.