शेवट ठाऊक, तरी जीव टांगणीला

मानवत हत्याकांड मराठवाड्याला नवं नाही. 1972 ते 1974 या काळात परभणी जिल्ह्यातल्या मानवतमध्ये बायका आणि लहान मुलींचे एकामागून एक खून झाले. गुप्तधनाच्या लालसेची कुजबुज सुरू झाली आणि मुंबईहून पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी तपासाला आले. ऑक्टोबर 2024 मध्ये याच प्रकरणावरची ‘मानवत मर्डर्स’ ही मालिका सोनी लिव्हवर आली. दिग्दर्शन आशिष बेंडे यांचं, कुलकर्णींच्या भूमिकेत आशुतोष गोवारीकर. धाराशिव, बीड, लातूरकडच्या जुन्या पिढीला या प्रकरणाचा शेवट आधीपासून ठाऊक आहे. तरीही अशा मालिकेत एखादी मुलगी एकटीच रानाच्या वाटेला लागली की पाहणाऱ्याची छाती धडधडते. पुढे काय होणार हे माहीत असताना ही धडधड येते कुठून?

उत्कंठा म्हणजे काहीतरी लपवून ठेवणं, असा आपला सर्वसाधारण समज असतो. थरारपटांचा दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकने तो खोडून काढला. फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोला दिलेल्या प्रदीर्घ मुलाखतीत त्याने टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण दिलं आहे. दोघे जण गप्पा मारत बसलेत आणि अचानक स्फोट होतो. प्रेक्षक दचकतो, पण ते दचकणं पंधरा सेकंदांचं. आता हाच बॉम्ब प्रेक्षकाला आधी दाखवा, भिंतीवरचं घड्याळ दाखवा आणि त्या दोघांना मात्र काही कळू देऊ नका. त्याच कंटाळवाण्या गप्पा पंधरा मिनिटं जीव खातात. थरारक प्रसंग रचण्याचं सगळं कसब इथून सुरू होतं: कुणाला काय ठाऊक आहे आणि ते कधी ठाऊक झालं.

हिचकॉकने हे टीव्हीवर करूनही दाखवलं. 1961 मध्ये त्याच्या मालिकेत ‘बँग! यू आर डेड’ हा भाग प्रसारित झाला. त्यात एका लहान मुलाला काकाच्या बॅगेत पिस्तूल सापडतं. ते खेळण्यातलं आहे असं समजून तो ते घेऊन गावभर हिंडतो, दिसेल त्याच्यावर रोखतो आणि खेळता खेळता चाप ओढतो. पिस्तूल खरं आहे आणि त्यात गोळी आहे, हे प्रेक्षकाला माहीत असतं. समोरची माणसं मात्र मुलाचा खेळ म्हणून हसत असतात. कॅमेरा वारंवार त्या पिस्तुलाच्या फिरत्या चकरीच्या जवळ जातो. पुढच्या वेळी चाप ओढला की गोळी सुटेल का, हा हिशेब प्रेक्षक स्वतःच करू लागतो.

या भागाने मेंदूच्या अभ्यासकांनाही आकर्षित केलं. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या उरी हॅसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमआरआय यंत्रात झोपलेल्या लोकांना वेगवेगळी दृश्यं दाखवली आणि त्यांच्या मेंदूंतले चढउतार एकमेकांशी किती जुळतात हे मोजलं. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे: हिचकॉकचा हा भाग पाहताना प्रमस्तिष्काच्या 65 टक्क्यांहून अधिक भागात सगळ्यांचे चढउतार जुळले. ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ या चित्रपटाच्या वेळी हे प्रमाण 45 टक्के होतं आणि एका विनोदी मालिकेच्या वेळी 18 टक्के. एका बागेत कॅमेरा ठेवून नुसतंच टिपलेलं दृश्य दाखवलं तेव्हा ते पाचच्याही खाली गेलं. माणसं समोर हिंडत होती, पण कुठे पाहावं हे कुणी सांगत नव्हतं. संकलक कात्री कुठे चालवतो, कोणत्या चेहऱ्यावर किती वेळ थांबतो, यावर इतक्या डोक्यांचं एकाच वेळी एकाच दिशेने चालणं अवलंबून असतं.

अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक या संस्थेत मॅथ्यू बेझडेक आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये याची आणखी एक बाजू दाखवली. पडद्याच्या मध्यभागी थरारपटातले प्रसंग आणि कडेला लुकलुकणाऱ्या काळ्यापांढऱ्या चौकटी, अशी त्यांची मांडणी होती. प्रसंगातला ताण वाढला की कडेच्या चौकटींना प्रतिसाद देणारा मेंदूचा भाग मंदावत असे. ताण ओसरला की तो पुन्हा जागा होई. क्लोज-अप घेऊन दिग्दर्शक जे करतो, ते ताणाखालचा मेंदू आपण होऊन करतो. चांगला दिग्दर्शक बहुधा हे अनुभवातून ओळखतो आणि चेहरा जवळ आणण्याआधीच ताण चढवून ठेवतो.

कात्री न चालवताही हे साधता येतं का? आपल्याकडे त्याचं ठळक उदाहरण आहे. बी. पी. सिंह यांनी ‘सीआयडी’चा एक भाग 2004 मध्ये एकही कट न घेता सलग 111 मिनिटं चित्रित केला आणि त्याचा विक्रम नोंदला गेला. सिंह आणि अभिनेते शिवाजी साटम ही जोडी मराठी प्रेक्षकांना त्याआधी दूरदर्शनच्या ‘एक शून्य शून्य’मधून माहीत होती. कट नसला की वेळ आखडता येत नाही. पात्राला दारापर्यंत जायला लागणारा वेळ प्रेक्षकालाही तेवढाच काढावा लागतो. दाराआड काय आहे याची कल्पना असेल तर ती चार पावलंही सरता सरत नाहीत.

आवाजाची गोष्ट वेगळी. तो डोकं चालण्याआधीच अंगावर येतो. कॅलिफोर्नियातले संशोधक डॅनियल ब्लमस्टीन मार्मोट या खारीच्या कुळातल्या प्राण्याचा अभ्यास करत होते. संकटात सापडलेली पिल्लं फाटक्या, चिरक्या, सूर सोडलेल्या आवाजात किंचाळतात हे त्यांना जाणवलं. मग त्यांनी सहकाऱ्यांसह 102 चित्रपटांतले आवाज तपासले. 2010 च्या त्यांच्या शोधनिबंधानुसार भयपटांत असे फाटके आवाज जाणूनबुजून पेरलेले आढळतात.

यातलं बरंचसं धाराशिव जिल्ह्याला टीव्ही यायच्या फार आधीपासून अवगत आहे. तुळजापूरच्या भवानीचे कदमराई गोंधळी रात्री अंगणात गोंधळ मांडतात. गण होतो, देवदेवतांना आवाहन होतं आणि मग आख्यान लागतं. विजेचे दिवे नव्हते तेव्हा दिवटीच्या उजेडात नायकाचा, म्हणजे मुख्य गोंधळ्याचा, चेहरा तेवढा उजळायचा आणि बाकीचं अंगण अंधारात राहायचं. रेणुकेच्या कथेत जमदग्नी मुलाला आईचं शिर उडवायची आज्ञा करतो, परशुराम परशू उचलतो. पुढे काय होतं हे अंगणातल्या पोरासोरांनाही पाठ असतं. नेमक्या अशा जागी नायक थांबू शकतो. साथीदार मध्येच भाबडा प्रश्न विचारतो, लोक हसतात, संबळाचा ठोका बदलतो, आणि परशू मात्र सगळ्यांच्या मनात अजून उगारलेलाच असतो. ताण मोडण्याऐवजी लांबवणारं ते हसणं मला या कलेतलं सर्वांत अवघड कसब वाटतं. नायकाला श्रोत्यांचे चेहरे दिसतात, म्हणून किती थांबायचं हे तो तिथल्या तिथे ठरवतो. मालिकेच्या संकलकाला तोच अंदाज प्रेक्षक समोर नसताना बांधावा लागतो.

पाठ असलेल्या गोष्टीतही ताण का उरतो, याचा शोध अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रिचर्ड गेरिग यांनी 1989 मध्ये घेतला. जॉर्ज वॉशिंग्टन पहिला राष्ट्राध्यक्ष झाला हे अमेरिकेत सर्वांना ठाऊक. पण ‘त्याला हे पद नको होतं’ अशा वळणाचा मजकूर आधी वाचायला दिला, तर तेच विधान खरं की खोटं हे ठरवायला लोकांना जास्त वेळ लागला. गोष्टीत शिरलेलं मन आपल्याच जुन्या माहितीकडे लगेच वळत नाही. रानाच्या वाटेला लागलेली ती मुलगी पाहताना छाती धडधडते ती बहुधा म्हणूनच.

असा एखादा थरारक प्रसंग समजून घ्यायला मेंदूला किती काम पडतं, हे कॅनडातल्या वेस्टर्न विद्यापीठात 2014 मध्ये समोर आलं. लोरिना नाची, एड्रियन ओवेन आणि सहकाऱ्यांनी ‘बँग! यू आर डेड’ची आठ मिनिटांची संक्षिप्त आवृत्ती निवडली. कारण तिथे घाबरायचं तर पिस्तूल खरं आहे, त्यात गोळी आहे आणि मुलाला ते माहीत नाही, या तिन्ही गोष्टी एकत्र लक्षात ठेवाव्या लागतात. सोळा वर्षं कोणताही प्रतिसाद न देणाऱ्या एका 34 वर्षांच्या रुग्णाला त्यांनी ती दाखवली. विचार आणि नियोजन सांभाळणाऱ्या त्याच्या मेंदूच्या भागांतले चढउतार निरोगी प्रेक्षकांशी जुळले, आणि तो गोष्ट समजून घेत होता असा निष्कर्ष संशोधकांनी त्यावरून काढला.