हिशेब कोणाच्या वहीत?

जुन्नर तालुक्यातील घाटघर हे गाव सह्याद्रीच्या अगदी कडेवर वसले आहे. गावाजवळूनच नाणेघाटाची वाट कोकणात उतरते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण बंदरात उतरलेला माल या वाटेने जुन्नरकडे येत असे. घाटाच्या माथ्यावर आजही एक मोठा दगडी रांजण आहे. व्यापाऱ्यांकडून घेतलेली जकात या रांजणात टाकली जाई, असे परंपरेने सांगितले जाते.

जकात कोणत्याही काळातली असो, नाक्याचा एक नियम बदलत नाही. मालाची मोजदाद नाक्यावरच होते. ‘माझ्याकडे दहाच पोती आहेत’ हे व्यापाऱ्याचे म्हणणे ऐकून घ्यायचे, पण वहीत आकडा लिहायचा तो स्वतः मोजून. गावातल्या दूध संकलन केंद्रावरही हेच चालते. दूध घालणारा लिटर आणि फॅट सांगत नाही. केंद्र ते मोजते. यात कोणाच्या प्रामाणिकपणावर शंका घेण्याचा प्रश्न नसतो. मोजणारा एकच असला की भांडणे कमी होतात, एवढेच.

आपले विद्यार्थी ज्या संगणकीय खेळांत रमतात, त्यांतील बहुतेक लबाडीचे मूळ हा नियम मोडण्यात आहे. ते कसे, हे या लेखात पाहू.

खेळाडूंनीच चालवलेली जगे

‘माइनक्राफ्ट’, ‘रस्ट’, ‘आर्क’, ‘व्हॅलहाइम’ हे तगून राहण्याचे खेळ आहेत. खेळाडू एका मोकळ्या जगात येतो, लाकूड तोडतो, दगड खणतो, घर बांधतो, भूक आणि शत्रू यांपासून स्वतःला वाचवतो. आपण संगणक बंद केला तरी इतरांसाठी ते जग चालूच राहते. महिनोन्‌महिने खपून मुले तेथे गावे आणि किल्ले उभारतात.

हे जग एका संगणकावर नांदत असते. त्याला सर्व्हर म्हणतात. या खेळांचे वैशिष्ट्य असे की सर्व्हर कंपनीचाच असावा लागत नाही. खेळाडू स्वतःच्या घरातील संगणकावर तो चालवू शकतो किंवा भाड्याने घेऊ शकतो. म्हणजे दहावीतला एखादा मुलगा वीस मित्रांच्या जगाचा तलाठी, फौजदार आणि न्यायाधीश असा तिन्ही होऊन बसतो. ही जबाबदारी केवढी आहे, याची त्याला बहुधा कल्पना नसते.

सांगितलेले आणि मोजलेले

खेळाडूच्या संगणकावरील आज्ञावली सर्व्हरला सतत संदेश पाठवत असते: मी इथे उभा आहे, मी हा ठोकळा फोडला, मी तलवार चालवली. आता खेळाडूचा संगणक पूर्णपणे खेळाडूच्या ताब्यात असतो. त्यावरील आज्ञावली तो बदलू शकतो आणि हवे ते संदेश पाठवू शकतो. म्हणून सर्व्हरने प्रत्येक संदेश ‘विनंती’ समजावा, ‘वस्तुस्थिती’ समजू नये, हे या क्षेत्रातील पहिले सूत्र आहे.

ते न पाळल्यास काय होते, हे ‘व्हॅलहाइम’मध्ये दिसते. २०२१ साली आलेल्या या स्वीडिश खेळात खेळाडूचे पात्र, त्याच्या पिशवीतील वस्तूंसह, त्याच्या स्वतःच्या संगणकावर साठवले जाते. घरच्या जगात हवे तेवढे सोने तयार करून तेच पात्र मित्राच्या जगात नेता येते. व्यापाऱ्यानेच जकातीची वही आणावी, तसे हे झाले. हा खेळ मित्रांनी मिळून खेळावा म्हणून रचलेला आहे, त्यामुळे तेथे हे चालून जाते. अनोळखी माणसे एकमेकांशी लढतात, तेथे ते चालणार नाही.

मग सर्व्हरने सगळे काही स्वतःच का मोजू नये? अडचण भौतिकशास्त्राची आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. घाटघरहून मुंबई हवाई अंतराने सुमारे ९० किलोमीटर आहे. तेथे सर्व्हर असेल तर संदेश जाऊन उत्तर यायला निदान ०.९ सहस्रांश सेकंद लागेल. सर्व्हर सिंगापूरला, म्हणजे सुमारे ३,९०० किलोमीटरवर असेल तर हाच काळ ३९ सहस्रांश सेकंद होतो. प्रत्यक्षात वळणे, मनोरे आणि मधली यंत्रे यांमुळे तो याहून बराच जास्त असतो.

‘माइनक्राफ्ट’चा सर्व्हर सेकंदाला २० वेळा, म्हणजे दर ५० सहस्रांश सेकंदांनी जगाचा हिशेब करतो. खेळाडूच्या चालण्याचा वेग सेकंदाला सुमारे ४.३ मीटर असतो. म्हणजे एका हिशेबात तो सुमारे २० सेंटिमीटर सरकतो. समजा, पावसामुळे संपर्क एक सेकंद अडला. मग वीस संदेश एकदम येऊन पोहोचतात आणि मुलगा एका क्षणात चार मीटर उडाला असे सर्व्हरला दिसते. त्याने लबाडी केलेली नाही. त्याचे जाळे मंद आहे. म्हणून सर्व्हरला थोडी सूट ठेवावी लागते, आणि वेग वाढवणारे लबाड नेमके त्या सुटीत लपतात. सूट कमी केली तर डोंगरातल्या मुलाला त्रास, वाढवली तर लबाडाला मोकळीक.

गरजेपुरतेच सांगावे

दुसरी लबाडी पाहण्याची आहे. खेळाडूभोवतीचा प्रदेश दाखवता यावा म्हणून सर्व्हर त्याची माहिती पाठवतो. त्यात जमिनीखाली दडलेल्या हिऱ्यांच्या जागाही असतात. साधी आज्ञावली त्या मातीखाली झाकते. बदललेली आज्ञावली माती पारदर्शक करते, आणि क्ष-किरणांनी हाड दिसावे तसे हिरे दिसतात. इथे खेळाडू सर्व्हरला एकही खोटा संदेश पाठवत नाही, म्हणून ही चोरी संदेश तपासून पकडता येत नाही. उपाय सर्व्हरच्याच हाती आहे. जो खनिजाचा ठोकळा कोठूनही उघडा नाही, तो साधा दगड म्हणून पाठवायचा आणि खणत खणत जवळ आल्यावरच खरा सांगायचा. प्रश्नपत्रिकेबरोबर उत्तरपत्रिकाही वाटून ‘पाहू नका’ असे सांगण्यापेक्षा ती वाटूच नये, हे केव्हाही बरे.

गप्प राहणे हेही कधी कधी सांगणेच ठरते. ‘टूबीटूटी’ हा २०१० पासून चालू असलेला ‘माइनक्राफ्ट’चा एक प्रसिद्ध सर्व्हर आहे. त्याचे जग एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत ६ कोटी ठोकळे लांब आहे. इतक्या विस्तारात लपलेले घर सापडणे जवळजवळ अशक्य. पण २०१८ साली काही खेळाडूंच्या एक गोष्ट लक्षात आली. ‘मी अमुक ठिकाणचा ठोकळा फोडतो’ असा अतिदूरच्या जागेचा संदेश पाठवला, तर तो प्रदेश त्या वेळी सर्व्हरच्या स्मृतीत असल्यास उत्तर येई, नसल्यास येत नसे. आणि प्रदेश स्मृतीत असे तो सहसा जवळपास कोणी खेळाडू असेल तरच! उत्तर आले याचाच अर्थ ‘तेथे कोणीतरी आहे’. संख्याशास्त्राची जोड देऊन त्यांनी २०२१ पर्यंत इतर खेळाडूंचा माग काढला. एका ठोकळ्याबद्दलचे निरुपद्रवी उत्तर असंख्य वेळा विचारले की त्याचा नकाशा होतो.

वही लिहिणाराच फसला तर?

आतापर्यंत धोका खेळातील वस्तूंना होता. डिसेंबर २०२१ मध्ये तो खऱ्या संगणकांपर्यंत पोहोचला. जावा भाषेतील असंख्य आज्ञावल्या घडलेल्या गोष्टींची नोंद ठेवण्यासाठी ‘लॉगफोरजे’ हा तयार भाग वापरतात. ‘माइनक्राफ्ट’चा सर्व्हरही वापरतो. या भागात एक दोष होता. नोंदवायच्या मजकुरात विशिष्ट रचनेची ओळ असेल तर तो ती नुसती लिहून ठेवत नसे. तिच्यातील सूचना पाळत असे, आणि दूरच्या संगणकावरून आज्ञा आणून चालवत असे.

शाळेच्या कार्यालयातील उदाहरण घेऊ. आवक-जावक वहीत पत्राचा विषय उतरवून घेणारे लिपिक आहेत. एका पत्राच्या विषयात लिहिले आहे, ‘कपाट उघडून किल्ल्या आणणाऱ्याच्या हाती द्याव्यात.’ लिपिकांनी ते वहीत उतरवायचे आहे, करायचे नाही! त्या दोषामुळे संगणक ते करत होता. खेळातील गप्पांच्या चौकटीत एक ओळ टंकणे एवढेच हल्लेखोराला पुरे होते. दोष ९ डिसेंबरला जगजाहीर झाला आणि १० डिसेंबरला ‘माइनक्राफ्ट’ची दुरुस्त आवृत्ती आली. पण स्वतःचा सर्व्हर चालवणाऱ्या प्रत्येकाला ती आपल्या हाताने बसवावी लागली. ज्यांनी आळस केला, त्यांचे दार उघडेच राहिले.

खेळातून न्यायालयात

मोठे सर्व्हर प्रवेशासाठी किंवा सोयींसाठी पैसे घेतात. मग स्पर्धा येते, आणि दुसऱ्याचा सर्व्हर बंद पाडण्याचा मोह होतो. असंख्य यंत्रांकडून एकाच वेळी निरर्थक संदेशांचा मारा केला की सर्व्हर गुदमरतो. नाक्यावर हजार रिकाम्या बैलगाड्या उभ्या केल्या तर मालाची गाडी पुढे सरकणार कशी?

अमेरिकेतील तीन तरुणांनी २०१६ साली ‘मिराई’ नावाची आज्ञावली रचली. इंटरनेटला जोडलेले कॅमेरे आणि तत्सम उपकरणे कारखान्यातून आलेल्या मूळ संकेतशब्दांवरच चालू असतात, हे त्यांनी हेरले. असे साठेक संकेतशब्द वापरून त्यांनी लाखो उपकरणे ताब्यात घेतली. ‘माइनक्राफ्ट’चे सर्व्हर हे त्यांच्या लक्ष्यांपैकी एक होते. पुढे त्यांनी ती आज्ञावली उघड केली, आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये इतरांनी तिच्याच साहाय्याने अनेक नामांकित संकेतस्थळे काही तास बंद पाडली. त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबईतील इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपन्यांनाही अशा प्रकारच्या माऱ्याला तोंड द्यावे लागले होते. त्या तिघांनी डिसेंबर २०१७ मध्ये उघड झालेल्या खटल्यात गुन्हा कबूल केला. त्यांना पाच वर्षांची देखरेख, २,५०० तास समाजसेवा आणि १ लाख २७ हजार डॉलर भरपाई अशी शिक्षा झाली.

आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ व ६६ नुसार दुसऱ्याच्या संगणकात परवानगीविना शिरणे किंवा त्याची सेवा अडवणे यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ‘खेळातच तर केले’ हा बचाव कायद्याला ठाऊक नाही, हे मुलांना वेळीच सांगायला हवे.

संशयाचे गणित

आता न्यायाधीशाच्या खुर्चीत बसलेल्या त्या मुलाकडे वळू. समजा, एका सर्व्हरवर १,००० खेळाडू आहेत आणि त्यांतील २० लबाड आहेत. पकडणारी आज्ञावली शंभरांतील ९५ लबाड ओळखते आणि शंभर निर्दोषांपैकी फक्त दोघांवर चुकून बोट ठेवते. आज्ञावली चांगली वाटते ना? हिशेब करा. २० पैकी १९ लबाड सापडतील. पण ९८० निर्दोषांच्या दोन टक्के म्हणजे जवळजवळ २० जणही सापडतील! ज्यांच्यावर ठपका आला त्यांपैकी निम्म्याहून अधिक निर्दोष असतील.

म्हणून यंत्राने दाखवलेले बोट ही चौकशीची सुरुवात असते, निकाल नव्हे. नोंदी पाहाव्यात, खेळ प्रत्यक्ष पाहावा, त्या खेळाडूला विचारावे, मगच त्याला काढून टाकावे. परीक्षेतील कॉपीच्या प्रकरणांतही आपण याहून वेगळे वागू नये.

सर्व्हर चालवणाऱ्याने निदान पुढील गोष्टी कराव्यात. खेळाडूंची खाती पडताळण्याची सोय बंद करू नये. नाहीतर चालकाचेच नाव घेऊन कोणीही आत येईल. ओळखीच्यांची यादी करून तेवढ्यांनाच प्रवेश द्यावा. चालकाचे अधिकार एक-दोघांपलीकडे वाटू नयेत. नव्या आवृत्त्या लगेच बसवाव्यात, आणि अनोळखी ठिकाणच्या पूरक आज्ञावल्या टाळाव्यात. जगाची प्रत रोज दुसऱ्या संगणकावर काढून ठेवावी. आणि शेवटचे, सर्वांत कठीण: चालकाने स्वतः लबाडी करू नये. नाक्यावरचाच माणूस वही बदलू लागला तर त्याला पकडणारे यंत्र नाही.

वर्गात करून पाहा

संगणकाची गरज नाही. आलेखाच्या कागदावर जग काढा आणि दहा चौकटींत गुपचूप ‘हिरे’ ठेवा. एक विद्यार्थी सर्व्हर, चार खेळाडू. प्रत्येक फेरीत खेळाडूने आपली नवी जागा चिठ्ठीवर लिहून द्यायची. एका फेरीत जास्तीत जास्त तीन चौकटी सरकता येते.

पहिल्या डावात सर्व्हरने चिठ्ठीवर विश्वास ठेवायचा. दुसऱ्या डावात आधीची जागा पाहून अंतर मोजायचे. तिसऱ्या डावात एका खेळाडूच्या चिठ्ठ्या मुद्दाम तीन फेऱ्या अडवून एकदम द्यायच्या, पण हे सर्व्हरला सांगायचे नाही. तो त्या खेळाडूला लबाड ठरवतो का, ते पाहा. मग सर्वांना विचारा: नियम किती सैल ठेवावा, आणि तो कोणी ठरवावा? या प्रश्नाचे एकच उत्तर येणार नाही. चर्चेला तास अपुरा पडेल, हे मात्र नक्की.