वाट चुकलेली ग्रंथी

बालमित्रांनो, समजा मालेगावातल्या एका घरात सहा महिन्यांचं बाळ आहे. (वाशीम जिल्ह्यातलं मालेगाव बरं का, नाशिककडचं नव्हे!) न्हाऊ घालताना आजीच्या हाताला त्याच्या मानेत मऊ गाठ लागली. कुणी म्हणतं लेप लावा, कुणी म्हणतं डाग द्या, कुणी म्हणतं कापूनच टाका. तुम्ही काय म्हणाल? म्हणा, "आधी आत काय आहे ते पाहू!"

का, ते ऐका. आईच्या पोटात बाळ घडताना काही अवयव चक्क प्रवास करतात. थायरॉईड ग्रंथी जिभेच्या मुळाशी तयार होते नि गळ्यात उतरते. थायमस मानेत तयार होते नि छातीत जाते. रोगांशी लढणाऱ्या काही पांढऱ्या पेशी तिथेच तरबेज होतात. क्वचित एखादी ग्रंथी वाटेतच अडकते आणि बाहेरून गाठ दिसते. काही गाठी मात्र निव्वळ पाण्याच्या पिशव्या असतात. नुसत्या हाताला फरक कसा कळणार?

इथे सोनोग्राफी कामाला येते. विहिरीत डोकावून हाक मारली की प्रतिध्वनी येतो ना? तसंच हे. आपल्याला सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंतचाच आवाज ऐकू येतो. हे यंत्र लाखो कंपनांचा आवाज आत पाठवतं आणि प्रतिध्वनींवरून चित्र काढतं. ग्लासगोच्या डॉ. इयान डोनाल्ड यांनी १९५८ मध्ये पोटातल्या गाठींची अशी चित्रं प्रसिद्ध केली होती. यात क्ष-किरण नाहीत, सुईही नाही.

पाण्याची पिशवी पडद्यावर काळी दिसते. थायमस काळ्या आभाळात चांदण्या विखुराव्यात तशी दिसते. ती थायमसच निघाली आणि बाळाला त्रास नसला, तर बहुधा शस्त्रक्रिया लागतच नाही. गाठ गळ्याच्या मधोमध असेल, तर थायरॉईड आपल्या जागी आहे का, हे डॉक्टर आधी पाहतात. नसेल, तर ती गाठच बाळाची एकुलती एक थायरॉईड असू शकते! ती न पाहता काढली तर जन्मभर औषध घ्यावं लागेल. गाठ खोलवर पसरलेली वाटली, तर एमआरआय करतात. त्यात बाळाला अगदी स्थिर ठेवावं लागतं, म्हणून बरेचदा औषध देऊन झोपवतात.

तेव्हा दोस्तांनो, घरात किंवा शेजारी अशी गाठ दिसली तर आशाताईंना सांगा, बाळाला दवाखान्यात न्यायला लावा. श्वासाला घरघर असेल, दूध गिळवत नसेल किंवा गाठ भराभर वाढत असेल, तर त्याच दिवशी! आणि डाग? तो मुळीच देऊ देऊ नका.