फुकुशिमातल्या आयांची प्रयोगशाळा

मार्च 2011 मध्ये जपानमधल्या फुकुशिमाच्या अणुवीज केंद्रात दुर्घटना झाली आणि घरोघरी एकच प्रश्न उभा राहिला: मुलांच्या ताटात वाढायचं काय?

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फुकुशिमा प्रांतातल्या इवाकी शहरातल्या नागरिकांनी 'ताराचिने' ही प्रयोगशाळा उभारली. त्यात आया आघाडीवर होत्या. भाज्या, मासे, अंगणातली माती, एवढंच काय, व्हॅक्यूम क्लीनरमधली धूळसुद्धा इथे तपासतात. नमुना बारीक चिरायचा, वजन करून डब्यात गच्च भरायचा आणि शिशाचं जाड कवच असलेल्या यंत्रात ठेवायचा. मग दुर्घटनेतून पसरलेल्या किरणोत्सर्गी सीझियमचा आकडा कळतो. स्ट्रॉन्शियम हे दुसरं किरणोत्सर्गी द्रव्य शोधणं त्याहून किचकट. विज्ञानाची पदवी नसलेल्या बायका तेही शिकल्या!

शेतकरीही हातावर हात ठेवून बसले नाहीत. शेतात पोटॅश घातलं की भात सीझियम कमी शोषतो, हा उपाय त्यांनी नेटाने राबवला. 2012 पासून प्रांतातल्या तांदळाचं प्रत्येक पोतं तपासलं जाऊ लागलं, वर्षाला सुमारे 1 कोटी पोती. सीझियमची मर्यादा किलोमागे 100 बेक्वेरेल (किरणोत्सर्ग मोजण्याचं एकक). 2015 पासूनच्या पिकातलं एकही पोतं तिच्यावर गेलं नाही.

डोंगरातली जंगलं मात्र धुऊन काढता येत नाहीत, त्यामुळे काही भागांत रानअळंबीवर निर्बंध कायम राहिले. ताराचिनेचं मोजमापही थांबलेलं नाही. 2017 मध्ये तिथे दवाखानाही सुरू झाला.