यकृत बदलण्याची वेळ कशी ओळखावी?

मंडळी, बकऱ्याची कलेजी सर्वांना ठाऊक असते. आपल्याही पोटात, उजव्या बरगड्यांच्या आड, तोच अवयव असतो. वजन सव्वा ते दीड किलो, नाव यकृत. मोठा सोशिक! बराचसा भाग निकामी झाला तरी उरलेल्यावर तो गाडा ओढतो, आणि म्हणूनच त्याची तक्रार आपल्या कानी उशिरा येते.

दारू, ‘ब’ आणि ‘क’ प्रकारची कावीळ, लठ्ठपणा, मधुमेह यांनी यकृतावर वर्षानुवर्षे व्रण पडत जातात आणि ते गाठाळ, कठीण होते. यालाच सिरोसिस म्हणतात. आता तुम्ही विचाराल, सिरोसिस म्हटला की यकृत बदलावेच लागते का? मुळीच नाही. कित्येक रोगी औषधपाण्यावर, दारू सोडून, वर्षानुवर्षे कामधंदा करतात.

मात्र पोटात पाणी साठू लागले, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौचास झाली, कावीळ हटेना, किंवा माणूस भ्रमल्यासारखा वागू लागला, तर गोष्ट वेगळी. यातली एकही खूण दिसली की यकृतारोपण करणाऱ्या रुग्णालयात दाखवून घ्यावे. कावीळ उतरवणाऱ्याकडे आठवडे घालवू नयेत.

भ्रम सुरुवातीला ओळखू येत नाही. रोगी दिवसा झोपतो, रात्री जागतो, उगाच चिडतो. हात पुढे ताठ धरायला सांगितले तर पंजे फडफडतात. शिक्षकांना ठाऊक असलेली एक युक्ती सांगतो: रोग्याला रोज कागदावर आपले नाव लिहायला लावा. अक्षर बिघडत चालले, की दवाखान्याची वाट धरा.

दवाखान्यात रक्त तपासून रोग्याला गुण देतात. बिलिरुबिन किती, मूत्रपिंडाची स्थिती दाखवणारे क्रिएटिनिन किती, रक्त गोठायला वेळ किती लागतो, यांवर हा हिशेब चालतो. पुढे त्यात सोडियमचीही भर पडली. मूळ हिशेबात गुण 6 ते 40. शाळेच्या उलट, इथे जास्त गुण म्हणजे जास्त धोका. साधारण 15 च्या आत शस्त्रक्रियेचाच धोका रोगापेक्षा मोठा ठरतो. त्याच्या वर गेले की आरोपणाचा विचार होतो. पण नुसत्या आकड्यावर विसंबू नये. गुण कमी असूनही ज्याचे पोट पुन्हा पुन्हा पाण्याने भरते, त्याचा विचार वेगळा करावा लागतो. आणि फार थांबलो, जंतुसंसर्गाने सारे शरीरच खचले, तर शस्त्रक्रिया झेपत नाही.

कधी मात्र वर्षे नव्हे, दिवसच हाती असतात. पिवळा फॉस्फरस असलेले उंदरांचे विष पोटात गेले, तर पहिले एकदोन दिवस माणूस ठीक वाटतो आणि मग यकृत कोसळते. ‘बरा दिसतोय’ म्हणून त्याला घरी ठेवू नका.

नवे यकृत येते कुठून? 1994 च्या कायद्याप्रमाणे मेंदू मृत झालेल्या व्यक्तीचे, किंवा जवळच्या नातलगाच्या यकृताचा तुकडा. देणाऱ्याचे यकृत काही आठवड्यांत बरेचसे भरून येते, तरी तीही मोठी शस्त्रक्रियाच. भावाला किंवा बायकोला भिडेखातर पुढे ढकलू नये.

दारूमुळे आजारी पडलेल्यांना डॉक्टर आधी दारू सोडायला लावतात. ती शिक्षा नव्हे. काहींचे गुण त्यानंतर काही महिन्यांत इतके उतरतात, की त्यांचे नाव यादीतून काढून टाकता येते.