वॉलबीजच्या चाहत्यांनी जाब विचारायचा कुणाला?

फ्रान्समधल्या लिऑन शहरात २४ सप्टेंबर २०२३ च्या रात्री वेल्सने ऑस्ट्रेलियाच्या रग्बी संघाचा ४०-६ असा धुव्वा उडवला. स्टेडियमच्या मोठ्या पडद्यावर प्रशिक्षक एडी जोन्स यांचा चेहरा झळकला तेव्हा प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली. सुट्ट्या काढून, पदरचे पैसे मोडून अर्धी पृथ्वी ओलांडून आलेले ऑस्ट्रेलियन चाहतेही त्या रात्री उघडउघड संतापले होते. आठवड्यापूर्वीच फिजीने याच संघाला २२-१५ असं हरवलं होतं. फिजीकडून ऑस्ट्रेलिया हरला, तो १९५४ नंतर पहिल्यांदाच. दोनदा विश्वचषक जिंकलेला ‘वॉलबीज’ संघ साखळीतच गारद झाला आणि तसं त्यांच्या इतिहासात कधीच घडलं नव्हतं.

पराभव तर प्रत्येक संघाच्या वाट्याला येतात. हा पराभव ज्या वाटेने आला, ती वाट चाहत्यांना जास्त झोंबली. विश्वचषकाला जेमतेम आठ महिने उरले असताना, जानेवारी २०२३ मध्ये ‘रग्बी ऑस्ट्रेलिया’ या राष्ट्रीय संघटनेने प्रशिक्षक डेव्ह रेनी यांना घरी पाठवलं आणि जोन्स यांच्याशी थेट २०२७ पर्यंतचा करार केला. हा अध्यक्ष हॅमिश मॅक्लेनन यांचा डाव होता, आणि तो आपलाच आहे हे त्यांनी लपवलंही नाही. जोन्स यांनी मायकेल हूपर आणि क्वेड कूपर या अनुभवी खेळाडूंना विश्वचषकाच्या संघाबाहेर ठेवलं. वर्षभरात नऊ कसोटींपैकी दोनच जिंकल्या, त्याही जॉर्जिया आणि पोर्तुगालविरुद्ध. स्पर्धा चालू असतानाच बातमी फुटली, की जोन्स यांची जपानच्या प्रशिक्षकपदासाठी बोलणी झाली आहेत. जोन्स यांनी ती फेटाळली. पण ऑक्टोबर संपता संपता त्यांनी पद सोडलं आणि डिसेंबरात जपानने त्यांची नेमणूक जाहीर केली.

या खेळाचं ऑस्ट्रेलियातलं स्थान कळल्याशिवाय हा संताप नीट कळत नाही. आपल्याकडे मुंबईत बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर पिढ्यान् पिढ्या जी रग्बी खेळली गेली, ती पंधरा खेळाडूंची ‘रग्बी युनियन’. ऑस्ट्रेलियात १९०८ पासून तिचं तेरा खेळाडूंचं भावंड ‘रग्बी लीग’ वेगळी चूल मांडून बसलं आहे. सिडनी आणि ब्रिस्बेनच्या कामगार वस्त्यांनी लीगला जवळ केलं, युनियन मुख्यतः महागड्या खासगी शाळांत आणि जुन्या क्लबांत रुजली. मेलबर्न, ॲडलेड, पर्थमध्ये ‘ऑस्ट्रेलियन रूल्स’ फुटबॉलचं राज्य. म्हणजे युनियनचा चाहता हा मुळातच अल्पसंख्य. त्याला रिमोटचं एक बटण दाबलं की दुसरा चांगला खेळ दिसतो, त्याची मुलं तर ते बटण केव्हाच दाबून बसली आहेत. अशा खेळाला एकेक चाहता जपावा लागतो.

एके काळी तसं करायची गरजच वाटत नव्हती. १९९१ मध्ये लंडनच्या ट्विकनहॅमवर इंग्लंडला १२-६ हरवून पहिला विश्वचषक, १९९९ मध्ये कार्डिफला फ्रान्सला ३५-१२ हरवून दुसरा. २००३ मध्ये तर विश्वचषकच ऑस्ट्रेलियात भरला. सिडनीत अंतिम सामना जादा वेळेत गेला आणि अखेरच्या क्षणी जॉनी विल्किन्सनच्या ड्रॉप गोलने इंग्लंड २०-१७ असा जिंकला. सामना गेला, पण संघटनेच्या तिजोरीत न भूतो असा पैसा आला.

त्या पैशाचं काय झालं, हा प्रश्न सिडनीच्या कुठल्याही जुन्या क्लबात आजही विचारला जातो. खेळाचा पाया विस्तारायचा तो काळ होता. राज्याचा संघ आणि स्थानिक क्लब यांच्यामध्ये एक पायरी हवी, हे सगळ्यांना पटलेलं होतं. त्यासाठी २००७ मध्ये राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली आणि तोटा दिसताच एका हंगामात गुंडाळली गेली. २०१४ मध्ये नव्या नावाने पुन्हा सुरू झाली, काही वर्षांनी तीही बंद. शेजारच्या न्यूझीलंडने मात्र आपली प्रांतांची स्पर्धा कधी मोडू दिली नाही. दोन्ही देशांत खेळला जाणारा ब्लेडिस्लो चषक २००३ मध्ये न्यूझीलंडने जिंकला, तो अजून परत आलेला नाही. आज ऐन पंचविशीत असलेल्या ऑस्ट्रेलियन चाहत्याला आपल्या कर्णधाराने तो चषक उंचावल्याचं आठवणं शक्य नाही.

क्लब म्हणजे काय, हे कूजी ओव्हलवर दिसतं. समुद्रापासून हाकेच्या अंतरावरचं, भोवती घरं असलेलं हे रँडविक क्लबचं मैदान. १९८८ मध्ये जगज्जेता न्यूझीलंड संघ इथे एका क्लबशी खेळायला उतरला आणि २५-९ जिंकण्यासाठी त्याला घाम गाळावा लागला. रँडविकच्या त्या संघात डेव्हिड कॅम्पिसी होते. हूकरच्या जागी खेळत होते पुढे प्रशिक्षक झालेले एडी जोन्स. हा क्लब स्वयंसेवकांच्या जिवावर चालतो. शनिवारी सकाळी खांब उभे करणारे, सॉसेज भाजून चार पैसे जमवणारे, लहान मुलांच्या जर्सी धुणारे हे लोक. २०१५ च्या सुमारास संघटनेने याच पातळीवरच्या खेळाडूंवर दरडोई शुल्क बसवलं आणि सिडनीच्या मोठ्या क्लबांचं अनुदानही आटलं. वरून खाली यायचा पैसा खालून वर जाऊ लागला. माजी वॉलबी ब्रेट पॅपवर्थ यांच्यासारखे क्लबांमधले लोक तेव्हापासून जाहीरपणे लढताहेत. सुरुवातीला त्यांना जुनाट, तक्रारखोर म्हणून बाजूला सारलं गेलं. पुढे जे झालं ते पाहता त्यांचं ऐकायला हवं होतं, असंच म्हणावं लागतं.

पण सगळ्यात खोल जखम झाली पर्थला. सिडनीपासून हजारो किलोमीटर दूरच्या या शहराला २००६ मध्ये ‘वेस्टर्न फोर्स’ हा ‘सुपर रग्बी’ या अनेक देशांच्या व्यावसायिक स्पर्धेतला संघ मिळाला. शाळांमध्ये रग्बी सुरू झाली, पश्चिमेत वाढलेली पोरं वरच्या दर्जाचं खेळू लागली. एप्रिल २०१७ मध्ये संघटनेने जाहीर केलं, की स्पर्धेत संघ फार झाले आहेत, ऑस्ट्रेलियाचा एक कमी करायचा आहे. कुठला, ते लवकरच कळवू. हे ‘लवकरच’ चार महिने लांबलं. त्या चार महिन्यांत खेळाडू, कर्मचारी आणि प्रायोजक टांगणीला लागले. खाणउद्योजक अँड्र्यू फॉरेस्ट यांनी संघासाठी कोट्यवधी डॉलर द्यायची तयारी दाखवली. सामान्य चाहत्यांनी समभाग घेऊन संघ आपल्या मालकीचा करायची मोहीम काढली. तरीही ११ ऑगस्टला कुऱ्हाड फोर्सवरच पडली. त्याच दिवशी मुख्य कार्यकारी अधिकारी बिल पल्व्हर यांनी पद सोडण्याची घोषणा केली. पर्थच्या रस्त्यांवर निळ्या जर्सींचा लोंढा उतरला. राज्य संघटना न्यू साउथ वेल्सच्या सर्वोच्च न्यायालयात गेली आणि हरली.

प्रकरण सिनेटच्या चौकशी समितीपर्यंत पोहोचलं. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सिनेटर लिंडा रेनॉल्ड्स यांनी त्यासाठी पाठपुरावा केला होता. एका खेळाच्या संघाचं काय करायचं, याची उत्तरं संसदेला मागावी लागतात यातच सगळं आलं. पैसा द्यायला माणूस तयार, स्टँडमध्ये बसायला लोक तयार. मग निर्णय कुणी आणि कोणत्या निकषावर घेतला? चाहत्यांना याचं पटणारं उत्तर मिळालं नाही. २०२० मध्ये महासाथीने परदेश प्रवास बंद झाला, देशांतर्गत स्पर्धेला संघ कमी पडू लागले, तेव्हा फोर्सला परत बोलावण्यात आलं.

जाब विचारायची वाट मुळात कुठे आहे? रग्बी ऑस्ट्रेलियाच्या सर्वसाधारण सभेत मत आहे ते राज्य संघटनांना, सुपर रग्बीच्या संघांना आणि खेळाडूंच्या संघटनेला. जुन्या व्यवस्थेत न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलँड यांचाच वरचष्मा होता. २०१२ मध्ये माजी क्रीडामंत्री मार्क आर्बिब यांच्या अहवालानंतर मतांची वाटणी बदलली आणि संचालक मंडळ स्वतंत्र असावं, हे तत्त्व आलं. कागदावर ती सुधारणाच होती. प्रत्यक्षात उद्योग आणि माध्यमक्षेत्रातली वजनदार माणसं वर आली, पण कूजी ओव्हलवर खांब रोवणाऱ्याचा आवाज त्यांच्यापर्यंत जायचा तर क्लब, जिल्हा, राज्य असे तीन उंबरे ओलांडावे लागतात. तिकीट काढणाऱ्या चाहत्याला तर कुठल्याच उंबऱ्यावर जागा नाही. त्याच्या हातात एकच हत्यार उरतं: मैदानावर न जाणं. ते त्याने वापरलंही.

चाहत्यांचा राग दर वेळी योग्य माणसावर निघाला, असं मात्र नाही. २०१८ मध्ये आलेल्या रेलीन कॅसल या संघटनेच्या पहिल्या महिला मुख्य कार्यकारी अधिकारी. इझ्राएल फोलाऊ या सर्वांत मोठ्या खेळाडूने समाजमाध्यमावर समलिंगी व्यक्तींविरुद्ध मजकूर टाकल्यामुळे २०१९ मध्ये त्याचा करार रद्द झाला; खटला उभा राहिला आणि डिसेंबरात तडजोड झाली. प्रक्षेपणाच्या हक्कांसाठी जुन्या वाहिनीवर विसंबून न राहता खुली बोली लावायची, असं कॅसल यांनी ठरवलं आणि तेवढ्यात महासाथ आली. एप्रिल २०२० मध्ये अकरा माजी कर्णधारांनी नेतृत्वबदलाची मागणी करणारं पत्र लिहिलं आणि काही दिवसांत कॅसल यांना जावं लागलं. त्यांच्यावर अत्यंत गलिच्छ भाषेत टीका झाली होती. त्याच वर्षाच्या अखेरीस नव्या वाहिनीशी तीन वर्षांचा १० कोटी डॉलरचा करार झाला, म्हणजे त्यांनी धरलेली दिशा अगदीच चुकीची नव्हती. २०१७ ते २०२३ या काळात त्या खुर्चीत हंगामी धरून पाच माणसं बसली. कुठलंही धोरण रुजायला तेवढा वेळच मिळाला नाही.

पैसा कुठे आहे आणि कुठे नाही, हे २०२३ मध्ये महिला खेळाडूंनी चव्हाट्यावर आणलं. मार्चमध्ये लीगमधून जोसेफ-ऑकुसो सुआली या एकोणीस वर्षांच्या खेळाडूला सुमारे ५० लाख डॉलर मोजून आणल्याची बातमी गाजली होती. ऑगस्टमध्ये ‘वॉलरूज’ या राष्ट्रीय महिला संघाच्या खेळाडूंनी एकाच वेळी निवेदन प्रसिद्ध केलं. त्यात म्हटलं होतं, की साध्या वर्गाहून वरची विमानाची आसनं परवडत नाहीत असं आम्हाला सांगितलं आणि पुरुषांच्या संघाला मात्र बिझनेस वर्गाने नेलं. पूर्णवेळ करार लांबणीवर पडले. प्रशिक्षकही पूर्णवेळ नाही. या बायका नोकरी सांभाळून देशासाठी खेळत होत्या. त्यांनी मागितलेल्या गोष्टी एका करारातल्या किरकोळ रकमेत भागल्या असत्या. २००३ च्या आधीही लोटे टुकिरी, वेंडेल सेलर यांना लीगमधून असंच मोठ्या रकमा देऊन आणलं होतं. वीस वर्षांनी पुन्हा तोच उपाय.

लिऑननंतर मात्र राज्यांनी मौन सोडलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये सहा सदस्य संघटनांनी मॅक्लेनन यांचा राजीनामा मागणारं पत्र लिहिलं आणि दोन दिवसांत मंडळाने त्यांना हटवून १९९९ च्या विश्वविजेत्या संघातले डॅनियल हर्बर्ट यांना अध्यक्ष केलं. मुख्य कार्यकारी अधिकारीपदी फिल वॉ जूनमध्येच आले होते. तेही माजी वॉलबी कर्णधार.

नव्या जोडीच्या हाती काय लागलं? ८ कोटी डॉलरची कर्जसोय आणि बुडीत मेलबर्न. २०११ पासून सुपर रग्बीत खेळणारा ‘मेलबर्न रेबेल्स’ जानेवारी २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या वाटेवर प्रशासकांच्या ताब्यात गेला. देणी दोन कोटी डॉलरच्या वर होती. मे महिन्याअखेर संघटनेने निर्वाणीचं सांगितलं, की पुढल्या हंगामात रेबेल्स नसतील. योगायोग असा, की त्याच मोसमात ते सुपर रग्बीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पहिल्यांदा बाद फेरीत पोहोचले होते. २०१७ मध्ये पर्थला तोडून जे शहर वाचवलं, त्याचाही संघ सात वर्षांनी गेला. दोन्ही शहरांतल्या चाहत्यांना काय वाटलं असेल, याची कल्पनाच केलेली बरी. रग्बी ऑस्ट्रेलियाचा २०२४ चा तोटा ३ कोटी ६८ लाख डॉलरवर गेला.

नवे प्रशिक्षक जो श्मिट यांच्या हाताखाली खेळ मात्र सावरला. २०२५ च्या ब्रिटिश-आयरिश लायन्स मालिकेत ऑस्ट्रेलिया २-१ हरला, पण मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवरच्या दुसऱ्या कसोटीला ९०,३०७ लोक आले. ऑगस्टमध्ये जोहान्सबर्गच्या एलिस पार्कवर ०-२२ असा पिछाडीवर असताना वॉलबीजनी विश्वविजेत्या दक्षिण आफ्रिकेला ३८-२२ हरवलं. त्या मैदानावर ऑस्ट्रेलिया १९६३ नंतर पहिल्यांदा जिंकला. लोक अजूनही यायला तयार आहेत, हे त्या वर्षाने दाखवलं. लायन्स दौऱ्याच्या कमाईतून कर्ज फिटलं आणि दूरचित्रवाणीचा नवा, पाच वर्षांचा करारही झाला.

१ ऑक्टोबर २०२७ ला पुरुषांचा विश्वचषक ऑस्ट्रेलियात सुरू होतोय, २०२९ मध्ये महिलांचा. २००३ सारखाच पैसा पुन्हा येणार. त्यातला किती वाटा क्लबांपर्यंत जाईल, पोरांचं शुल्क कमी होईल का, महिलांना पूर्णवेळ करार मिळतील का, मेलबर्नच्या मुलांनी आता कुठल्या संघाकडे बघायचं, हे चाहते आत्तापासून विचारताहेत. लेखी उत्तर त्यांना स्पर्धेआधी हवं आहे. आणि त्या स्पर्धेचा पहिला सामना ठरला आहे पर्थला.