अनोळखी गिऱ्हाइकाने भरवसा का ठेवावा?

लिंक्डइनवर फ्रीलान्सरचे प्रोफाइल उघडले की नावाखाली बहुतेक वेळा विशेषणांची रांग लागलेली असते : सर्जनशील, मेहनती, वेळ पाळणारा, कामावर मनापासून प्रेम करणारा. यातले एकही विशेषण खोटे असेल असे नाही. पण जो कधीच वेळ पाळत नाही तोही स्वतःबद्दल हेच लिहितो आणि ते लिहायला दोघांनाही सारखेच दोन सेकंद लागतात. त्यामुळे वाचणाऱ्याला या शब्दांवरून काहीच ठरवता येत नाही. प्रोफाइल सुधारायचे म्हणजे चांगला फोटो लावायचा आणि भाषा चकचकीत करायची, असा समज रूढ आहे. फोटो नीटनेटका असावाच. पण खरे काम त्याच्या पुढचे आहे. जो माणूस आपल्याला कधी भेटलेला नाही, त्याने आपल्या भरवशावर पैसे आणि मुदत दोन्ही सोपवावीत, एवढा पुरावा त्या एका पानावर मांडता आला पाहिजे.

पुराव्याची गरज फ्रीलान्सरला इतरांपेक्षा जास्त का असते, याचे उत्तर अर्थशास्त्रात सापडते. जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराबद्दल एक निबंध लिहिला. गाडी चांगली की खटारा, हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. मग घेणारा धोका धरूनच भाव सांगतो आणि त्या भावात चांगली गाडी विकणे मालकाला परवडत नाही. फ्रीलान्सिंगमध्येही हेच घडते. नोकरदाराच्या पाठीशी कंपनीचे नाव असते. फ्रीलान्सरचा दर्जा मात्र काम हातात पडेपर्यंत दिसत नाही. जे दिसत नाही त्याचे पैसे कोण देणार? म्हणून बोलणे थेट दरावर येते आणि चांगले काम करणाऱ्यालाही सर्वांत स्वस्त माणसाशी स्पर्धा करावी लागते. यातून वाट कशी काढायची, हे मायकेल स्पेन्स यांनी 1973 मध्ये मांडले : संकेत तोच उपयोगी, जो कमी लायकीच्या माणसाला सहजासहजी देता येत नाही. या दोघांना जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह 2001 चा अर्थशास्त्राचा नोबेल मिळाला. प्रोफाइलमधले प्रत्येक वाक्य स्पेन्स यांच्या या कसोटीवर घासून पाहायला हवे.

एक उदाहरण घेऊ. एखादी ग्राफिक डिझायनर मसाले, पापड, लोणची बनवणाऱ्या लहान उद्योगांसाठी लेबले करते. तिच्या नावाखाली ‘क्रिएटिव्ह ग्राफिक डिझायनर, कामासाठी उपलब्ध’ असे असेल, तर ती हजारोंमधली एक ठरते. लिंक्डइन त्या ओळीसाठी 220 अक्षरांची जागा देते. तिथे ‘मसाले, लोणची, पापड यांची लेबले आणि पॅकेजिंग, मजकुराच्या मांडणीपासून छपाईच्या फाइलपर्यंत’ असे लिहिले, तर लोणच्याच्या उद्योजकाला आपलेच काम समोर दिसते. मग खाली एखाद्या कामाची हकिगत यावी : ‘लोणच्याच्या तीन आकारांच्या बरण्यांसाठी लेबले केली. घटकांची यादी, पोषणमूल्यांचा तक्ता, निव्वळ वजन, 14 अंकी एफएसएसएआय परवाना क्रमांक आणि शाकाहाराचे हिरवे चिन्ह सर्वांत लहान बरणीवरही वाचता येईल असे बसवले.’ या दोन वाक्यांत कुठेही स्तुती नाही. पण लेबलावर एखादी सक्तीची बाब राहून गेली तर छापलेला सगळा माल वाया जातो, हे उद्योजकाला पक्के माहीत असते आणि ते या डिझायनरलाही माहीत आहे, हे त्याला लगेच कळते. ज्याने हे काम केलेले नाही, त्याला हा तपशील सुचणारच नाही. सोबत त्या लेबलांची चित्रे ‘फीचर्ड’ विभागात ठेवली की सांगितलेले पडताळूनही पाहता येते.

दुसऱ्यांच्या शब्दांनाही हाच नियम लागू पडतो. एका क्लिकवर मिळणाऱ्या कौशल्यांच्या पसंत्या शंभर असल्या तरी त्यांचे वजन फारसे नसते, कारण त्या देणाऱ्याचे काहीच खर्च होत नाही. लेखी शिफारशीखाली मात्र ती लिहिणारा माणूस आपले नाव आणि पद पणाला लावतो. ती काम संपल्यावर लगेच मागावी आणि नेमके विचारावे : अडचण काय होती, काम वेळेत झाले का, पुढे काय फरक पडला? ‘फार छान काम केले’ यापेक्षा ‘छपाईच्या आदल्या दिवशी मजकूर बदलला, तरी फाइल वेळेत मिळाली’ हे वाक्य कितीतरी जास्त सांगून जाते.

‘माझे काम तोंडी शिफारशींवर चालते, प्रोफाइल हवे कशाला?’ असे अनेक अनुभवी फ्रीलान्सर म्हणतात. तोंडी शिफारशीची ताकद खरीच आहे, पण ती कुठून येते ते पाहावे. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 मध्ये दाखवले की कामाची नवी खबर जिवलगांपेक्षा जुजबी ओळखीच्या लोकांकडून अधिक येते, कारण जिवलगांना जे कळते ते आपल्याला आधीच कळलेले असते. लिंक्डइनवरील 2 कोटींहून अधिक वापरकर्त्यांवर झालेला आणि 2022 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेला अभ्यासही, नोकरी बदलताना माफक ओळखीच सर्वाधिक कामी येतात, असेच सांगतो. हे निष्कर्ष नोकऱ्यांबद्दल असले तरी त्यामागचे कारण फ्रीलान्स कामालाही लागू होते. जुजबी ओळखीचा माणूस आपल्याबद्दल तासभर बोलणार नाही. तो फार तर दुवा पुढे पाठवेल. तेव्हा तोंडी शिफारशीचे उरलेले काम प्रोफाइललाच करावे लागते.

दुसरा आक्षेप असा की एकाच क्षेत्राचे नाव घेतले तर बाकीची कामे हातची जातील. काही जातीलही. पण सगळे करतो म्हणणाऱ्याची आठवण नेमक्या गरजेच्या वेळी कुणालाच होत नाही. शिवाय वरच्या ओळीत एक क्षेत्र ठळक ठेवून बाकीची कामे खाली देता येतातच. गोपनीयतेच्या कराराची अडचण मात्र खरी आहे आणि तिथे करारच पाळला पाहिजे. करारात बसत असेल तर गिऱ्हाइकाचे नाव न घेता अडचण आणि उपाय सांगावा. तेही चालत नसेल तर एखाद्या काल्पनिक उत्पादनाचे नमुनाकाम करून ते नमुना म्हणूनच मांडावे. नवख्यांनाही हाच मार्ग मोकळा आहे. आणि स्वतःबद्दल बोलायचा ज्यांना संकोच वाटतो, त्यांना तर ही पद्धत सर्वांत सोयीची, कारण हिच्यात बोलायचे असते ते फक्त कामाबद्दल.

आपले प्रोफाइल आजच उघडा आणि प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारा : माझ्याच क्षेत्रात वाईट काम करणारा माणूस हे वाक्य जसेच्या तसे लिहू शकला असता का? उत्तर ‘हो’ आले तर ते वाक्य काढा आणि त्या जागी केलेले एक काम तपशिलासह लिहा. दर वाढवून मागायचा असेल, तर त्याची सुरुवात इथूनच होते.